मालनबाईचं बँकेतलं गुपित

सोमवारी सकाळीच फुलांचे वाफे करणारी मालनबाई दबोराबाईंच्या ओट्यावर येऊन बसली.

साल एकसष्ट. जुनी माणसं शिरूरला अजून घोडनदीच म्हणत, आणि काही हरवलं, काही फुटलं, की मिशनशाळेतून निवृत्त झालेल्या दबोराबाईंकडे येत. शेजारचे पेन्शनर आनंदराव प्रत्येक तपासात सोबत असत आणि दरवेळी भलत्याच माणसावर बोट ठेवत.

“शनिवारी सकाळी बँकेत खातं काढलं, बाई. माझ्या म्हाळसाला नर्सिंगला धाडायचंय. घरात कुणालाच सांगितलं न्हाई. आन् रविवारी दीर दारात. म्हणतो, ‘विधवेची दमडी साठवतीस व्हय? पोरीला नर्स करतीस? पुस्तक हिकडं आण, न्हाईतर माघात तिचं लगीन लावून टाकतो.’”

“अगदी ‘विधवेची दमडी’ म्हणाला?”

“व्हय. आमच्यात कोण बोलतं असं?”

“शिपाई फुटला,” आनंदरावांनी निकाल दिला.

शिपाई बाळासो बँकेच्या पायरीवर सापडला. “मी अंगठ्याला शाई लावली, पुसायला चिंधी दिली. खातं कशापायी, ते मला काय ठावं? बाराला बँक बंद झाली, तसा राहू गावाला बहिणीकडं गेलो. आत्ता येतोय.”

आत कारकून याकोब होता, दबोराबाईंचाच विद्यार्थी. फॉर्म त्याने भरला होता.

“कारण तुला सांगितलं होतं तिने?”

“हो, बाई. ऐकून डोळे भरून आले माझे.”

“मग कुणाला सांगितलंस?”

“एकाही माणसाला नाही. शपथेवर सांगतो.”

दीर हौशीराम एसटी स्टँडजवळ हार ओवत होता. “मला वाऱ्यानं सांगितलं,” तो हसला.

“शनिवारी हा वारा कुठे लागला?”

“दर शनिवारी सांजच्याला तुमच्याच चर्चात फुलं पोचवतो. थकलेलं बिल द्या म्हणावं तुमच्या पंचांना.”

“याच्याकडून तर काहीच कळलं नाही,” आनंदराव म्हणाले. दबोराबाईंनी याकोबला बँकेतून बोलावलं आणि दोघांना चर्चच्या मागच्या दारात नेलं. तिथे फुलांची रिकामी पाटी पडली होती.

“बाळासोला कारण माहीत नव्हतं, आणि तो राहूला होता. ‘विधवेची दमडी’ हे हौशीरामचं बोलणं नाही, बायबलातलं, शुभवर्तमानातलं आहे. ते त्याच्या कानावर कुठे पडलं? इथे, पाटी उतरवताना. शनिवारी सांजेला आत प्रार्थनासभा असते. परवा तापामुळे मी नव्हते. याकोब, एकाही माणसाला सांगितलं नाहीस, हे खरंच आहे.”

याकोबने मान खाली घातली. “मी देवाला सांगितलं, बाई. तिचं नाव घेऊन, ‘या विधवेची दमडी वाढव’ असं मोठ्याने. तिचं भलं व्हावं म्हणून.”

“देवाला नाव सांगावं लागत नाही रे. बँकेच्या टेबलावर तिने सांगितलं ते तिचं होतं. प्रार्थनेलासुद्धा तिला विचारल्याशिवाय न्यायचं नव्हतं.”

याकोब तसाच स्टँडवर गेला; मालनबाईला घेऊन दबोराबाईही मागोमाग आल्या. मालनबाईला त्याने आधी हात जोडले, मग हौशीरामला म्हणाला, “अंगठा यांचा, पुस्तक यांचं. यापुढे बँकेतून एक अक्षर कळणार नाही. कळलं ती चूक माझी.”

“आणि पोरीच्या लग्नाचं पुन्हा काढलंस,” दबोराबाई म्हणाल्या, “तर चर्चची फुलं मालनबाईच्या वाफ्यातून येतील.”

हौशीरामने सुईत दोरा ओवायला बराच वेळ लावला. “जाऊ दे पोरीला,” तो पुटपुटला.

जूनमध्ये म्हाळसा पत्र्याची ट्रंक घेऊन एसटीत बसली. त्या शनिवारी याकोब प्रार्थनेला उभा राहिला. “प्रभू, एका बहिणीची मुलगी आज गावाला निघाली. कोण, कशासाठी, ते तू जाणतोस.”

पहिल्या बाकावरून दबोराबाईंनी सगळ्यांत मोठ्याने ‘आमेन’ म्हटलं.