बोर्डावरची उतरती ओळ

तो पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या हातात मोडका चष्मा होता आणि तोंडावर मास्क नव्हता.

चष्म्याची एक काडी निखळली होती, ती त्याने दोऱ्याने कशीबशी बांधली होती. हनुवटीवर निळ्या रंगाचा एक थेंब वाळून बसला होता. चष्म्याच्या दुकानाच्या उंबऱ्यावर त्याने एक पाय टाकला, तोच काउंटरमागून आवाज आला, "मास्क."

"मला चष्मा दुरुस्त करायचाय," तो म्हणाला. "तोंड ठीक आहे."

तिने मान वर केली. तोंड ठीकच होतं. नको तितकं ठीक होतं... पण म्हणून काय झालं?

"मग ते ठीक तोंड घेऊन पायरीवर थांबा," ती म्हणाली.

तो मुकाट पायरीवर गेला. तिने स्टूल बाहेर ठेवलं, ट्रे पुढे केला, चष्मा आत नेऊन नवा स्क्रू बसवला आणि काचा साबणाने धुतल्या. तेवढ्या वेळात तो रस्त्याकडे तोंड करून गोड हसत होता. कुणाकडे, म्हणून तिने डोकावून पाहिलं, तर समोर नुसता विजेचा खांब. चष्म्याशिवाय त्याला ती आणि खांब सारखीच दिसत होती, हे कळल्यावर मास्कच्या आत तिला हसू फुटलं. मास्कचा एवढा एक फायदा होता. हसलेलं कुणाला कळत नव्हतं.

तो पेंटर होता. बाजारातले निम्मे बोर्ड त्याच्या हातचे, आणि अक्षर असं सरळ की बघत राहावं. हिला मात्र बाजाराने नुकतंच नाव ठेवलं होतं – हेडबाई. कारण तिचा नियम.

नियमाचं कारण माडीवर राहत होतं. बाबा. जन्मभर हे दुकान त्यांनी चालवलं, आता जुन्या दुखण्याने छाती इतकी पोखरलेली की जिना चढले तरी धाप लागायची. गावभर पसरलेली ही साथ घरात शिरली तर त्यांना झेपणार नाही, असं डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं. घरात दोघंच. तिने त्याच दिवशी ठरवून टाकलं, या दारातून बिनमास्कचं कुणी आत येणार नाही. गिऱ्हाईक नाही, नातलग नाही, कुणी म्हणजे कुणी नाही.

बाजाराच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मास्क सगळ्यांकडे होते हो, पण एकाचा खिशात, एकाचा मनगटावर, एकाचं नाक खिडकीतून डोकावल्यासारखं बाहेर. शेजारच्या कापडवाल्या काकांचा तर कायम हनुवटीखाली. पोलिसांची गाडी दिसली की तो सुळकन वर चढायचा, गाडी गेली की खाली उतरायचा. "अगं पोरी, गिऱ्हाइकाला दारात अडवून कुठं धंदा होतो का?" ते रोज ऐकवायचे. धंदा खरंच होत नव्हता. बाबांच्या वेळची माणसं तोंड वाकडं करून कोपऱ्यावरच्या दुसऱ्या दुकानात जात होती. संध्याकाळी ती रिकामा गल्ला मोजायची, पण नियम तसाच राहिला.

आणि पेंटर? तो चहाच्या टपरीवर मोठ्यांदा सांगायचा म्हणे, की मास्क हे भित्र्यांचं काम. ते तिच्या कानावर आलं आणि फार लागलं. इतरांचं बोलणं ती या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देत होती. याचंच का सोडवत नव्हतं, कोण जाणे. बरं, एवढा शूर माणूस, पण त्याचा चष्मा सारखा बिघडायचा.

"स्क्रू पुन्हा सैल?" ती पायरीशी ट्रे धरून म्हणाली.

"चष्मा जुना आहे."

"स्क्रू नवा आहे. मीच बसवलाय."

"मग बसवणारीचा हात कच्चा असेल."

"कोपऱ्यावर दुसरं दुकान आहे."

"आहे की... पण तिथं पायरी नाही."

असं तो बोलायचा आणि निघून जायचा. ती मागे काउंटरवर तीच काच पुन्हा पुन्हा पुसत बसायची. आपल्याला हा माणूस आवडायला लागलाय, हे तिला कळत होतं आणि त्याचा तिला संतापही येत होता. जो बाबांच्या जिवाच्या काळजीला भित्रेपणा म्हणतो, त्याला कुठल्या तोंडाने आत घ्यायचं?

एके दिवशी दारावरचा नियमाचा कागद कुणीतरी फाडला. तिने दुसरा चिकटवला, तोही फाडला. मग तिचा पारा चढला. कागद नकोच, पक्का बोर्ड हवा. आणि तो रंगवायला तिने बोलावलं कुणाला, तर पेंटरला. सगळा बाजार मिशीत हसला.

"माझ्याकडून?" त्यालाही हसू आवरेना.

"अक्षर तुमचं चांगलं आहे. मतं तुमच्याजवळच ठेवा."

मजकूर एवढाच होता – मास्क असेल तरच आत या. दाराच्या वर लांब फळी होती, तिच्यावर तो लिहायचा होता. मात्र फळीच्या बरोबर वर बाबांची खिडकी. दिवसभर ते तिथेच हवेला बसत. तेव्हा तिची अट एकच होती, शिडीवर असेपर्यंत मास्क उतरवायचा नाही. जमणार नसेल तर ती दुसरा पेंटर बघेल.

एरवी शब्दाला शब्द देणाऱ्या त्याने आधी चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा लावला.

"शब्द दिला," तो शेवटी म्हणाला. पण आवाजात नेहमीची ऐट नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती काचा आणायला ठोक बाजारात गेली. परतली तेव्हा दुकानापुढे ही गर्दी. लोक फळीकडे बोट दाखवून हसत होते. ओळ सुरू झाली होती सरळ, पण 'असेल'पाशी ती खाली कलली, 'आत'पाशी घसरली आणि शेवटचा 'या' तर चौकटीवर टेकायचाच बाकी होता. पेंटरचा पत्ता नव्हता.

"मुद्दाम केलंय त्याने," कापडवाले काका म्हणाले, हनुवटीवरचा मास्क चाचपत. "तुझ्या नियमाची खिल्ली उडवली. अगं, एवढं कळत नाही?"

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. रागाचं होतं, आणि नुसतं रागाचंही नव्हतं. त्याची शिडी अजून भिंतीला टेकलेली होती. फळी पुसूनच टाकावी म्हणून ओलं फडकं घेऊन ती तरातरा वर चढली. आणि तिथेच थांबली.

अशी ओळ तिने हजारदा पाहिली होती. चष्मा घरी विसरून आलेल्या माणसांची पावतीवरची सही अशीच उतरत जाई. खिल्ली उडवणारा वेडंवाकडं लिहितो. हे अक्षर अन् अक्षर जिवापाड सरळ काढलेलं होतं, फक्त कुठे काढतोय ते काढणाऱ्याला दिसत नव्हतं. दर अक्षराखाली भिंतीवर निळा अंगठा उमटला होता. चाचपून, टेकू घेऊन लिहिलेलं.

तिने वर पाहिलं. बाबा खिडकीत बसले होते.

"बाबा, त्याने मास्क लावला होता?"

"पहिल्यापासून शेवटपर्यंत," बाबा सावकाश, दम घेत म्हणाले. "काच धुक्याने भरायची. दर अक्षराला चष्मा पुसायचा बिचारा, दोनदा शिडीवरून पाय चुकला. मी म्हटलं, काढ रे बाबा, मी खिडकी लावून घेतो. तर म्हणाला, तुमच्या लेकीला शब्द दिलाय."

तिने कपाळावर हात मारून घेतला. मास्कची वरची कड नाकावर कशी दाबायची, वाफ काचेवर कशी जाऊ द्यायची नाही, हे ती दुकानात आलेल्या प्रत्येक चष्मेवाल्याला शिकवत होती. आणि ज्याला खांब आणि बाई यांतला फरक दिसत नाही, त्याला तिने कधी आतच घेतलं नव्हतं.

ती तशीच निघाली. बाजाराच्या टोकाला त्याची शेड होती. तो रंगाच्या डब्यांत खाली मान घालून बसला होता. तिला पाहताच उठला, खिशातून मास्क काढून घाईघाईने लावला आणि काचा लगेच पांढऱ्या झाल्या.

"उद्या पुसून नवा रंगवून देतो," तो म्हणाला. "हसं झालं तुमचं."

"तुम्ही सांगितलं का नाहीत? चष्म्यावर धुकं येतं म्हणून?"

"पेंटरला दिसत नाही म्हटल्यावर बोर्ड कोण देणार? त्यापेक्षा मास्क भित्र्यांचा, असं म्हणणं सोपं होतं." तो थांबला. "मग तुमच्या बाबांना जवळून पाहिलं... ते श्वास घेत होते, आणि मला टपरीवरचं माझं बोलणं आठवत होतं. लाज वाटली."

तिला बरंच काही बोलायचं होतं. पण ती एवढंच म्हणाली, "उद्या दुकानात या. पायरीवर नाही. आत."

दुसऱ्या दिवशी तो आत आला. खुर्चीत असा ताठ बसला, जणू दात काढायला आणलंय. तिने कडेत तार घातलेला मास्क त्याला लावायला दिला आणि ती तार दोन बोटांनी त्याच्या नाकावर हळूच दाबली. चष्म्याच्या नाकावरच्या गाद्या थोड्या वाकवल्या, काचा साबणाने धुऊन वाळवल्या, चष्मा मास्कच्या कडेवर बसवला. तिची बोटं त्याच्या कानामागून फिरली तेव्हा तो एकदम निश्चल झाला.

"श्वास सोडा."

"सोडला."

"धुकं?"

"नाही... पण अडकतोय जरा."

"मास्कमुळे?"

"मास्कमुळे नाही."

तिचे कान तापले. मग काच बदलताना सगळ्यांना विचारायची तोच प्रश्न तिने केला, "हे बरं की आधीचं?"

"हेच," तो तिच्याकडे बघत म्हणाला. "आधी पायरीवरून तुमचे डोळे असे आहेत हे नीट कळतच नव्हतं."

आता तो हसत होता, हे तिला फक्त त्याच्या डोळ्यांच्या कडांवरून कळलं. हनुवटी गेली, ते ठीक तोंड गेलं. आपल्याच हाताने झाकलं की मी, तिला वाटलं, आणि गंमत म्हणजे वाईटही वाटलं. तोही तेच म्हणाला. "तुम्ही मला इतके दिवस अख्खं पाहिलंय. मी तुम्हाला अर्धंच. हा न्याय नाही."

"नियम आहे," ती म्हणाली.

त्याने बोर्ड पुन्हा रंगवायचा विषय काढला. तिने साफ नकार दिला. कुणी काय हसायचं ते हसू दे, ही ओळ अशीच राहील. आणि झालंही तसंच. वाकडा बोर्ड बघायला लोक थांबायचे, थांबले की वाचायचे, आणि वाचल्यावर खिशातला मास्क निदान हातात तरी यायचा. काही जण तो लावून आतही यायला लागले. कापडवाले काका महिनाभर फुरंगटून होते. मग त्यांनीच एक दिवस येऊन विचारलं, की ती धुकं न येणारी तार त्यांच्याही मास्कला बसवून मिळेल का.

नव्या तारेचा मास्क लावून काकांनी आपल्या दुकानाचा बोर्डही पेंटरकडून नवा करायला घेतला. त्या दुपारी तो शिडीवर होता, मास्क नाकावर, काचा लख्ख, आणि ओळ अशी सरळ की बघत राहावं. रस्ता मोकळा होता. ती दुकानातून बाहेर आली, रस्त्याच्या पार पलीकडे विजेच्या खांबापाशी जाऊन उभी राहिली. आजूबाजूला कुणी नाही असं बघितलं आणि मास्क हनुवटीखाली ओढला.

त्याचा ब्रश हवेतच थांबला.

"हे बरं," तिने तिथून विचारलं, "की आधीचं?"

तो बघतच राहिला. शिडी घट्ट धरली त्याने. पहिल्यांदा आला तेव्हा खांबाकडे बघून हसला होता, तसाच हसला असावा, पण या वेळी त्याला सगळं दिसत होतं.

"लावा तो परत," तो म्हणाला. "बाबा आहेत घरात. मला बघायला अख्खा जन्म पडलाय... तुमची हरकत नसेल तर."

तिने मास्क वर केला, नाकावरची तार दोन बोटांनी नीट दाबली आणि मान हलवली. हरकत नव्हती.