वर चढणारा ठोकळा

“तुमचा ठोकळा उतारावरून वर का चाललाय?”

ग्रंथालयात शेजारच्या खुर्चीवरून, माझ्या वहीतल्या गणितात डोकावत, आगाऊ प्रश्न आला. एम.एस्सी.चा विद्यार्थी. बाहीला खडूची पूड आणि डोळ्यांत... हसू. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दहावीनंतर गणिताला रामराम ठोकलेली मी. एक्स-रे तंत्रज्ञाच्या अभ्यासक्रमाला भौतिकशास्त्र असतं, हे प्रवेश घेतल्यावर कळलं. पेपर दोनदा उडाला होता. तिसऱ्यांदा उडाला की प्रवेशच रद्द.

“त्याची मर्जी,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं आणि तो रोज पाचला मला शिकवायला बसू लागला. देवा, काय ती तऱ्हा! पान भरून नुसती अक्षरं. “आकडे शेवटी टाकायचे. ते काय, कोणीही टाकेल,” म्हणून स्वारी पुढच्या गणिताकडे. घरी आकडे मीच टाकायचे आणि उत्तर हमखास चुकायचं. कधी ठोकळा चढे, कधी उतरे. “चिन्हांकडे लक्ष दे गं...” तो म्हणे. तीन आठवडे मी चिन्हांकडे डोळे फाडून पाहिलं. मधूनमधून त्याच्याकडेही — हा आणखी एक वैताग!

परीक्षेला आठवडा उरला असताना मी माझी वही त्याच्यासमोर आपटली. “घे. प्रवेश रद्द करायचा अर्ज लिहिलाय मी. माझ्या डोक्यात हे शिरणार नाही.”

त्यानं वही उघडून माझी गणितं चाळली. मग माझा कॅल्क्युलेटर ओढून पहिल्यांदाच त्यानं स्वतः आकडे टाकले... आणि त्याचा चेहरा पडला.

“हा रेडियनवर आहे.”

“म्हणजे?”

“तू कोन अंशांत देतेस आणि हा दुसऱ्याच मापात धरतोय, म्हणून ठोकळा वर चढतो. तुझी मांडणी... पंधरा दिवसांपासून बरोबर आहे. मीच कधी आकडे पाहिले नाहीत.”

“आणि मी स्वतःला ढ समजत होते! रोज उशीत तोंड खुपसून रडत होते, शहाण्या!”

“बोल. हवं तेवढं बोल.” त्यानं बटण दाबून माप बदललं. मान काही वर केली नाही. “आता सुटतील गणितं तुझी तुला. माझी गरज... नाही लागायची.”

त्याचे कान लाल झाले होते. मला त्याचा भयंकर राग आला होता आणि तो मला भयंकर आवडत होता.

“नाहीच लागायची.” मी अर्ज टराटरा फाडला. “तरी उद्या पाचला येणार. तू आवडतोस म्हणून येणार. शिरलं का डोक्यात, मठ्ठा?”

“शिरलं,” तो म्हणाला. “पण... साडेचारला येशील?”