सर्वत्र शांतता

माझं काम काय, हे लोकांना समजावताना मी इस्त्रीचं उदाहरण देते. कपडा शिवून झाला, धुऊन झाला की मग इस्त्री. तशी गाणी रेकॉर्ड होऊन, जुळवून झाली की माझ्याकडे येतात आणि मी त्यांच्यावर शेवटचा हात फिरवते. कुठे ढोल अंगावर येतो, कुठे गळा दबतो, एक गाणं संपून दुसरं सुरू होताना कान दचकतो का, एवढंच बघायचं. आपल्या पदरचं काही घालायचं नाही.

आमच्या घराला लागूनच, तिसऱ्या मजल्यावर माझी कामाची खोली आहे. भिंतींवर जाड अस्तर, दार दुहेरी, खिडकी एकही नाही. खाली रस्त्यावर ट्रकवाला भोंग्यावर हात ठेवून बसला तरी आत कळत नाही. माझा नवरा दातांचा डॉक्टर. दिवसभर यंत्राची घरघर ऐकून आला की तो कधी कधी त्या खोलीत नुसता बसून राहतो. म्हणतो, "फुकटची समाधी."

माझी नणंद लहानपणी सतत काहीतरी गुणगुणायची, म्हणून घरात तिचं नाव भुंगा. मुलीला भुंगा का, असं कुणी विचारलं नाही आणि तिनंही कधी तक्रार केली नाही. पुढे ती संगीतातच गेली. तिच्या नव्या अल्बमचं काम कितीतरी वर्षं चाललं होतं. देशोदेशींहून घरदार सोडून आलेल्या लोकांना गाठून तिनं त्यांची गाणी जमवली होती. वाळवंटातला ढोल, बेटावरच्या बायकांचं मयताच्या वेळचं रडगाणं, डोंगरातली बासरी, गोदीतल्या हमालांची ओझं उचलतानाची हाळी. त्या सगळ्याखाली तिनं संगणकावर बनवलेला ठेका होता, बंद दारावर कुणी मूठ आपटत राहावं तसा. आणि प्रत्येक गाण्यात, कधी सलग, कधी तुकड्यातुकड्यांनी, एका माणसाचं बोलणं येत होतं.

"शहरात सर्वत्र शांतता आहे. नागरिकांनी आपापली कामं नेहमीप्रमाणे सुरू ठेवावीत."

हार्ड डिस्क माझ्या टेबलावर ठेवून तिनं पहिलं गाणं लावलं, तेव्हा तो आवाज मी पहिल्या शब्दाला ओळखला. बाबांचा आवाज. माझे सासरे सरकारी रेडिओवर बातम्या वाचायचे. धरणासारखा भरलेला, संथ आवाज. मेंदूला झटका आल्यापासून त्यांची वाचा गेली होती आणि ते आमच्याकडेच असत. उजव्या हातात जोर होता. हो असेल तर आपला हात दाबायचे, नाही असेल तर सोडून द्यायचे.

वाक्यही मला ठाऊक होतं. शहरातल्या माझ्या वयाच्या कुणालाही ते ठाऊक आहे. गोदी कामगारांचा मोर्चा पुलावर अडवून त्यावर गोळीबार झाला, त्या संध्याकाळच्या बातम्यांमधलं ते वाक्य. कितीजण घरी परतले नाहीत, ते सरकारनं आजवर सांगितलेलं नाही.

"रेडिओनं भंगारात काढलेल्या टेपांमध्ये मिळालं," भुंगा म्हणाली.

"बाबांना विचारलंस?"

"त्यांनी तेव्हा कुणाला विचारलं होतं?"

बापलेकीत त्या वाक्यावरून वर्षानुवर्षं अबोला होता, आणि बाबांची वाचा गेल्यावर तर तो मोडायचा रस्ताच उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हेडफोन लावून कामाला बसले. पहिल्या गाण्यात बाबांचं वाक्य संपलं, आणि त्यामागे मला काहीतरी ऐकू आलं. जुन्या टेपवर खरखर असतेच. पण ही खरखर नव्हती. चालणं होतं. पुष्कळ माणसं, डांबरी रस्त्यावर, घाई न करता चालत होती.

मी भुंगाला फोन केला. "बाबांच्या मागे पावलं टाकलीस का?"

"नाही. टेपवर मागे काहीच नाहीये, वहिनी. मुद्दाम तपासलंय."

ती मूळ टेपच घेऊन आली. आम्ही दोघींनी ऐकली. बाबांचा आवाज, श्वास, कागद उलटल्याची सळसळ. बाकी काही नाही. मग अल्बममधलं गाणं लावलं. पावलं होती. तिलाही ऐकू आली. तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं, मला विचारावं लागलं नाही.

आमच्या धंद्यात एक साधी परीक्षा आहे. एकाच गाण्याच्या दोन प्रती घ्यायच्या, त्यातल्या एकीच्या ध्वनिलहरी उलट्या करायच्या, वरचं टोक खाली, आणि दोन्ही एकदम वाजवायच्या. बेरीज-वजाबाकी होऊन शून्य उरतं. गाण्यात जे जे आहे ते सगळं पुसलं जातं. नव्या माणसाला हे करून दाखवलं की तो जादू बघितल्यासारखा हसतो.

मी ती परीक्षा केली. ढोल गेला. रडगाणं गेलं. बाबा गेले. आवाज मोजणारी सुई तळाला जाऊन पडली.

पावलं तशीच चालत होती.

सुई हलत नव्हती. म्हणजे स्पीकरमधून काहीही येत नव्हतं. भुंगानं हात पुढे करून स्पीकरच्या पडद्याला बोट लावलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं. "हा थरथरत नाहीये," ती म्हणाली.

पुढची गाणी ऐकणं भाग होतं. मी लावत गेले. दुसऱ्या-तिसऱ्या गाण्यात रस्ताच होता. पाचव्यात पावलांचा आवाज पोकळ झाला, खाली पाणी असावं तसा. पावलं पुलावर आली होती. भुंगानं माझं मनगट धरलं. आता काय ऐकू येणार, याची आम्हा दोघींनाही भीती वाटत होती. पण तसं काही झालं नाही. सहाव्या गाण्यात पुन्हा रस्ता होता. पावलं पूल ओलांडून पुढे गेली होती.

"वहिनी," ती हळूच म्हणाली, "त्या दिवशी पुलाच्या पुढे कुणी गेलंच नव्हतं."

सातव्या गाण्यात जिना होता. आठव्या, शेवटच्या गाण्यात गुळगुळीत फरशीची लांबलचक वाट, आणि शेवटी बाबांचं वाक्य. वाक्य सुरू झालं तशी पावलं थांबली. एखाद्या खोलीत कुणी बोलत असताना माणसं दाराबाहेर अदबीनं थांबतात, तशी.

मी मागे वळले तर दार उघडं होतं आणि उंबऱ्यात बाबा उभे होते. भिंतीचा आधार घेत घेत ते एकटे आले होते. त्यांच्या मागे पाहिलं, कुणी नव्हतं.

त्यांना खुर्चीत बसवलं. भुंगा त्यांच्यासमोर खाली जमिनीवर बसली. इतक्या वर्षांत मी तिला त्यांच्या इतक्या जवळ बसलेलं पाहिलं नव्हतं. तिनं त्यांचा उजवा हात हातात घेतला.

"बाबा, त्या दिवशी बातम्या वाचताना तिथे कुणी आलं होतं?"

त्यांनी हात सोडला. नाही.

तिनं तो पुन्हा हातात घेतला. "कुणी येणार होतं?"

त्यांनी हात दाबला. दाबून ठेवला. तिची बोटं पांढरी पडली तरी सोडेनात.

"मोर्चा रेडिओ केंद्राकडेच चालला होता, वहिनी," भुंगा माझ्याकडे न बघता म्हणाली. "त्यांचं म्हणणं त्यांना बातम्यांमध्ये वाचून हवं होतं. तेवढंच मागणं होतं."

याच सुमारास सरकारच्या संस्कृती खात्यातले एक साहेब आले. कुठून कुणकुण लागली कोण जाणे. अगदी सभ्य माणूस. बूट बाहेर काढून ठेवले, चहा आवडल्याचं सांगितलं, गाणी ऐकायची इच्छा व्यक्त केली. भुंगा हाताची घडी घालून कोपऱ्यात उभी राहिली. मी गाणी लावली.

साहेब डोळे मिटून ऐकत होते. पाचव्या गाण्यात त्यांनी डोळे उघडले. सातव्यात मागे वळून दाराकडे पाहिलं.

"बाहेर कुणी थांबलंय का?"

"नाही," मी म्हटलं.

आठवं गाणं त्यांनी पुरतं ऐकलंच नाही. रुमालानं मानेवरचा घाम पुसला. "संगीत उत्तम आहे. पण ते निवेदन काढून टाका. मग तुम्हाला कुणी त्रास देणार नाही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "घरात आजारी माणूस आहे तुमच्या. उगाच धावपळ व्हायला नको."

जाताना त्यांनी विचारलं, खाली जायला दुसरा जिना आहे का. होता, सामानासाठीचा. बूट हातात घेऊन ते त्या जिन्यानं गेले.

भुंगाचं आणि माझं त्या दुपारी जोरात वाजलं. ती म्हणाली, वाक्य काढलं तर अल्बममध्ये उरतं काय. मी म्हटलं, तुला एकटीला तुरुंगात जायचं असेल तर खुशाल जा, इथे बाबा आहेत, माझा संसार आहे. बाबा खुर्चीत बसून ऐकत होते. त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल असं बोलायला नको होतं, पण बोलण्याच्या भरात भान राहिलं नाही.

शेवटी मी म्हटलं, एकदा काढून ऐकू तर. शेवटच्या गाण्यातलं वाक्य मी कापलं. तेवढी जागा रिकामी ठेवली आणि गाणं लावलं.

ठेका आला. बासरी आली. फरशीवरची पावलं आली.

वाक्याची जागा आली.

पावलं थांबली नाहीत.

मी यंत्र बंद केलं. स्पीकरची वायर ओढून काढली. दुहेरी दार घट्ट लावलेलं होतं, आणि ज्या दारातून ट्रकचा भोंगा आत येत नाही, त्या दारापलीकडून आमच्या इमारतीचा जिना ऐकू येत होता. पहिला मजला. वळण. दुसरा मजला.

भुंगा माझ्याजवळ सरकली.

तिसरा मजला.

पावलं दाराशी आली. आता फक्त श्वास ऐकू येत होते, खूप चालून आलेल्या माणसांचे.

बाबा उठले. आधार न घेता उठले. माझ्या टेबलावर माइक होता, त्याच्यासमोरची खुर्ची त्यांनी ओढली, ताठ बसले. घसा साफ केला. आणि त्या धरणासारख्या भरलेल्या आवाजात, एकही अक्षर न अडखळता म्हणाले,

"या. आत या. सांगा, मी वाचतो."

दार आम्ही उघडलं नाही. ते उघडलं.

बाहेर कुणी नव्हतं. आमच्या जिन्यावर माणसाची हालचाल झाली की लागणारे दिवे आहेत, चालणारा पुढे गेला की आपोआप विझतात. सगळ्या मजल्यांवरचे दिवे लागलेले होते. आणि विझत नव्हते.

बाबांचे ओठ हलू लागले. आवाज नव्हता. ते मध्येच मान वर करून समोर बघत, कुणाचं तरी ऐकून घेत आणि पुन्हा माइककडे वळत. भुंगानं रेकॉर्डिंग सुरू केलं. संध्याकाळी माझा नवरा दवाखान्यातून आला, तेव्हाही ते वाचतच होते. तो बाबांकडे पाहत उंबऱ्यातच थांबला. "जिन्यात एवढी थंडी कसली?" त्यानं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता गळ्यातला मफलर काढून बाबांच्या खांद्यावर टाकला.

थोड्या वेळानं बाबा थांबले. भुंगाकडे वळले आणि हात पुढे केला. तिनं तो धरला. कुणी काही विचारलं नव्हतं, तरी त्यांनी हात दाबला.

रेकॉर्डिंगमध्ये काही आलं नाही. नुसती आमच्या खोलीची शांतता. बाबा पुढच्याच आठवड्यात झोपेत गेले. चेहरा निवांत होता, हे मी सांत्वनाला आलेल्यांना सांगत होते आणि ते खरंच होतं.

वाक्य आम्ही काढलं नाही. मीच म्हटलं, राहू दे. भुंगानं अल्बमचं नाव 'सर्वत्र शांतता' ठेवलं आणि तो परदेशातल्या एका छोट्या कंपनीकडून काढला. खात्याकडून पुन्हा कुणी आलं नाही. साहेबांनी बदली मागून घेतल्याचं कानावर आलं. मी ती परीक्षा पुन्हा एकदा केली. दोन प्रती, एकीच्या लहरी उलट्या. सुई तळाला गेली आणि खोलीत खरोखर काहीच उरलं नाही. मी खुर्चीत बसून रडले. भुंगा पुन्हा गुणगुणत घरात येऊ-जाऊ लागली. आम्हाला वाटलं, संपलं.

परवा सकाळी मी चहा घेत असताना फोन आला. फार लांबच्या एका देशात गाण्यांच्या रेकॉर्ड विकायचं दुकान चालवणारी एक बाई बोलत होती. आमच्या खंडाच्याही पलीकडचा देश. आम्हा दोघींना जेमतेम येणाऱ्या भाषेत आम्ही बोललो. अल्बम तिला फार आवडला होता. दुकानात रोज लावते म्हणाली. एकच विचारायचं होतं, "आमच्या वृत्तनिवेदकाचा आवाज तुम्ही कुठून मिळवला?"

"तो माझ्या सासऱ्यांचा आवाज आहे," मी म्हटलं.

"नाही हो," ती हसून म्हणाली. "हा आमचा आहे. आमच्याच भाषेत बोलतोय. रोज संध्याकाळी घरोघरी ऐकतात त्याला."

मी विचारलं, तो काय म्हणतो. तिनं आधी तिच्या भाषेत म्हणून दाखवलं, मग अर्थ सांगितला. शहरात सर्वत्र शांतता आहे, नागरिकांनी आपापली कामं नेहमीप्रमाणे सुरू ठेवावीत.

मी कप खाली ठेवला. तिला वाटलं, फोन तुटला.

"ऐकताय ना?" ती म्हणाली. "मी त्याच्या सगळ्या बातम्या ऐकते. हे त्यानं अजून कधीच वाचलेलं नाही. म्हणून विचारते, ही बातमी कोणत्या दिवशीची आहे?"