वरच्या मजल्यावरचा सूर

कवळी तिच्या दारात येऊन थांबली तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते. जिन्यावरून टप्पे खात आलेली, गुलाबी हिरड्यांची अख्खी कवळी. तिने ती दोन बोटांत उचलली आणि वर पाहिलं.

"हे... तुमचं?"

जिन्यात दोन्ही हातांत खोकी धरून एक पस्तिशीचा माणूस उभा होता. "माझे अजून शाबूत आहेत," तो म्हणाला आणि पुरावा म्हणून हसला. "मी कवळ्या बनवतो. वर. तुमच्या अगदी डोक्यावरच."

दीड वर्ष हा माणूस तिच्या डोक्यावर राहत होता आणि तिने त्याला कधी पाहिलं नव्हतं. त्यात नवल नाही म्हणा, ती कुणालाच पाहत नसे. वर्षभर त्या दोन खोल्यांत तिचा अल्बम चालला होता. हार्प वाजवणारी ती, बासरी वाजवणारी ती, पाणी भरलेल्या पेल्यांच्या कडांवरून बोट फिरवणारी ती, आणि गाणाऱ्या सगळ्या जणीही तीच. एकेका ओळीवर स्वतःचाच आवाज छत्तीस वेळा चढवायचा. मग दूर धुक्यातून कुणी घोळका गात येतोय असं वाटे. मुखपृष्ठावरची ओळही ठरली होती : सर्व वाद्ये, सर्व स्वर, एकटीने. थोरल्या बहिणीने फोनवर विचारलं होतं, "अगं, दिवसभरात बोलायला तरी कुणी असतं का तिथे?" त्यावर ती म्हणाली होती, "छत्तीस जणी आहेत की." दोघी हसल्या. फोन ठेवल्यावर मात्र तिला रडू आलं होतं.

"मी अकरा ते एक रेकॉर्डिंग करते," कवळी परत देत ती म्हणाली. "तेव्हा सगळे कामावर असतात. तुमचं वर काही मशीन वगैरे...?"

"आहे ना. कवळ्या घासायचं. त्रास होतो?"

"नाही, तसं नाही... थोडा." खरं तर तिला ते कधी जाणवलंही नव्हतं. पण माणूस आपणहून विचारतोय, तर नाही कशाला म्हणा.

"मग अकरा ते एक बंद," तो म्हणाला. तिचं कुणी इतक्या पटकन ऐकलं, याला बरेच दिवस झाले होते.

आणि दहावं गाणं बिघडलं.

नऊ झाली होती, हे शेवटचं. महिनाअखेर सगळं द्यायचं होतं. सूर चुकत नव्हता, पण नवव्यामागून दहावं लागलं की घरात कुणी परकं शिरल्यासारखं वाटे. दोन आठवडे डोकेफोड करून शेवटी तिने सूर मोजायच्या यंत्रावर सगळं तपासलं. दहावं गाणं अगदी प्रमाण सुरात होतं. आधीची नऊ केसभर वर. नऊच्या नऊ. तिने हेडफोन कानांवर दाबले, आवाज वाढवला, आणि नववं गाणं सुरू होण्याआधीच्या शांततेत तिला ती ऐकू आली : वरून येणारी, बारीक, एकसुरी घरघर.

वर्षभर ती कानाने तारा लावत होती, त्या या घरघरीला लावत होती. एकटीने म्हणे.

आकडा बघून तारा केसभर वर चढवता आल्या. स्वतःच्या आवाजाचं काय करणार? त्या सुनसान खोलीत तो टेकायला जागा शोधत राहिला. आता वर जाऊन मागायला हवं होतं, आणि तिने आजवर शेजाऱ्याकडे वाटीभर साखरही मागितलेली नव्हती. दोनदा ती अर्ध्या जिन्यातून परतली, तिसऱ्यांदा त्याच्या दारात पोचली.

"चालू करू?" त्याने विचारलं. मागे फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले होते, प्रत्येकाला नंबर. "अहो, बंद करा म्हणणारे आजवर खूप भेटले. चालू करा म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

तिने सगळं सांगितलं. सांगताना कान तापले. मग हेडफोन त्याच्या हातात दिले. तो डोळे मिटून ऐकत राहिला.

"किती जणी गातात?"

"मीच. छत्तीस वेळा."

"भांडत नाहीत एकमेकींशी?"

"बोलतच नाहीत."

त्याने फळीकडे मान वळवली. "माझीही एवढी तोंडं आहेत, पण एक बोलेल तर शपथ." मग तो म्हणाला, "दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. माझं भरतं, पण जेमतेम. शनिवारी मी चाललो. दुसऱ्या गावी मोठी लॅब आहे, तिथे नोकरी मिळालीय. तोवर मशीन तुमचं."

तो सोमवार होता.

मंगळवारी अकराला वरून घरघर सुरू झाली आणि ती गायली. एक वाजता मशीन थांबलं आणि दारावर टकटक झाली. "झालं?"

"नाही अजून," ती म्हणाली. "चहा घेणार?"

बुधवारी नाही झालं. गुरुवारी नाही झालं. चहा मात्र रोज होऊ लागला. त्याला हार्पच्या तारेला बोट लावायची भीती वाटायची, आणि ती त्याचं बोट धरून तारेवर ठेवायची... जरा जास्तच वेळ.

शुक्रवारी त्याने कप खाली ठेवला. "आज तरी झालं का? उद्या सकाळी नऊची गाडी आहे माझी."

बाहेर कुणीतरी सायकल ढकलत चाललं होतं. तिनेही आपला कप खाली ठेवला.

"मंगळवारीच झालं," ती म्हणाली. "पहिल्याच खेपेला. नंतर रोज मी तुमच्याशी खोटं बोलले."

 तो हळूच म्हणाला, "माझं शेवटचं काम सोमवारी पोचतं झालं. चार दिवस मशीन रिकामंच फिरवतोय."

तिला हसू आलं आणि हसण्यामागोमाग डोळे भरून आले, तेही तिने लपवले नाहीत. उद्या या वेळी वर काहीच वाजणार नव्हतं. "किती लांब आहे ते गाव?"

"चार तास."

"जाऊ नका असं मी म्हणणार नाही."

"म्हणालात तर जाणं अवघड होईल... शब्द दिलाय त्यांना."

"मग येत जा," ती म्हणाली. आयुष्यात कुणाकडे मागितलेली ही तिची दुसरी गोष्ट. "काही काम नसेल तेव्हा."

"उद्या शनिवार," तो बोटांवर मोजत म्हणाला. "परवा मला काही काम नाही."