झाकलेला कान

शनिवारी दुपारी वानेस हेडफोन आणायला बाहेर पडला. त्यात घाबरण्यासारखं काहीच नव्हतं. कालव्यावर धुकं होतं, ते गेंटमध्ये नोव्हेंबरात असतंच. ट्राम वेळेवर आली, खिडकीजवळची जागाही मिळाली. आणि डीजे माणूस हेडफोन विकत घेणार नाही तर काय टोपी घेणार? पण वानेसला तो हेडफोन ज्यासाठी हवा होता, ते कुणाला तोंड उघडून सांगण्यासारखं नव्हतं. त्याला उद्या दुपारपर्यंत एक साक्षीदार हवा होता, आणि तोही खोटा.

दुकानात आनेमी होती. पन्नाशीची बाई, एके काळी स्वतः क्लबांतून रात्र रात्र रेकॉर्ड वाजवलेली, आता काउंटरमागे कॉफीचा कप घेऊन गिऱ्हाइकांची थट्टा करणारी.

"काय रे, मोडला का एकदाचा जुना?"

"उन्हाळ्यातच मोडला. क्लबात दुसऱ्यांचे मागून मागून वापरतोय."

"तरीच! परवा एक जण म्हणत होता, वानेस आला की हेडफोन लपवून ठेवा. आणि घरी तो जाळीवाला आहे ना, मी दिलेला? घरी तोच ठेव हो. गाणं कानात नाही, खोलीत वाजतंय असं वाटतं त्याच्यात."

"मला आता दोन्हीकडे एकच हवाय. बंद वाट्यांचा. बाहेरचं काही म्हणजे काही आत येता कामा नये."

"डीजेचा बंद हेडफोन घरी लावून बसणार? अरे, नुसता धबधब करतो तो. क्लबाच्या गोंगाटात बरा. घरी तासाभरात डोकं धरशील, कान घामेजतील ते वेगळंच. आणि दारावरची बेल वाजली तरी पत्ता लागायचा नाही. जाळीवाल्याचं कसं, शेजारी शिंकला तरी कळतं!"

शेजारी शिंकला तरी कळतं. तेच तर झालं होतं.

वानेस राहायचा ती घरांची रांग जुन्या गिरणी कामगारांची. घराला घर चिकटलेलं, दोन घरांत मिळून एकच भिंत. भिंतीपलीकडे ओडिलोन राहायचा. जन्मभर ट्राम चालवून निवृत्त झालेला, ऐंशी ओलांडलेला, एकटा म्हातारा. वानेस राहायला आला त्याच आठवड्यात ओडिलोन काठी टेकत दारात आला आणि म्हणाला, "पोरा, तू वाजव खुशाल. पण माझे दात ग्लासात नाचायला लागले, की मी भिंत ठोकणार."

तेव्हापासून त्यांची खूण ठरून गेली. काठीने दोनदा ठकठक केलं, की आवाज कमी कर. वानेसने कमी केला, की पलीकडून एकदाच ठक, म्हणजे आभारी आहे. दर गुरुवारी वानेसच्या उंबऱ्यावर म्हाताऱ्याने केलेल्या, लीक या कांद्याच्या पातीसारख्या भाजीच्या सुपाचं झाकलेलं पातेलं असायचं. ते रिकामं करून, घासून परत ठेवायचं. पुढे म्हाताऱ्याची झोप हलकी झाली, म्हणून वानेसने घरासाठी तो जाळीचा हेडफोन घेतला. माणूस वाईट नव्हता वानेस. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, होता.

ऑक्टोबरातली एक रात्र. वानेस पुढच्या कार्यक्रमाची गाणी निवडत बसला होता. जाळीचा हेडफोन कानाला, डोळे मिटलेले. भिंतीवर ठकठक झाली. जाळीतून ती स्वच्छ ऐकू आली. वानेसला आधी हसू आलं, मग राग आला. खोलीत टाचणी पडावी इतकी शांतता, सगळं गाणं कानात, आणि हा ठोकतोय! म्हाताऱ्याला आता भासही व्हायला लागले वाटतं. पुन्हा ठकठक. पुन्हा. वानेसने हात पुढे केला आणि आवाज वाढवला.

सकाळी रोज येणारी नर्स आली, तेव्हा ओडिलोन भिंतीलगत जमिनीवर होता. पलंगावरून उतरताना पडलेला, खुबा मोडलेला, काठी हातात घट्ट. डॉक्टर म्हणाले, पडल्यावर बराच वेळ जिवंत होता, पहाटे कधीतरी गेला.

पोलिसाने विचारलं तेव्हा वानेसच्या तोंडून निघून गेलं, "डीजेचा मोठा हेडफोन होता हो कानाला. त्यात बाहेरचं काही ऐकूच येत नाही." पोलिसाने मान डोलावली. एकदा बोलला, ते बोलला. मग अंत्यविधीनंतर कॉफी आणि हॅमचे पाव खाताना गल्लीतल्या प्रत्येकाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "तुझा काय दोष रे! तुला कसं कळणार?" वानेस प्रत्येक वेळी मान खाली घालत होता. लोकांना वाटलं, किती हळवा मुलगा आहे.

आणि आता ओडिलोनच्या मुलीचा, मार्टीनचा फोन आला होता. ती कोर्त्राइक शहरात राहायची.

"रविवारी घर आवरायला येतेय. एक काम करशील माझं? तू तोच हेडफोन लावून तुझ्या खोलीत बस. मी बाबांच्या खोलीतून ठोकते."

"कशाला, मार्टीन? कशाला त्रास करून घेता?"

"भिंतीच्या कागदावर काठीच्या रबराचे काळे गोल डाग आहेत रे. जमिनीलगत. मोजायला गेले तर मोजवेनात. त्यांनी ठोकलं, वानेस. खूप ठोकलं. मला एवढंच बघायचंय, की तुला ते ऐकू आलं नसतं. तेवढं कळलं की मी झोपेन. त्या दिवसापासून झोपलेच नाहीये मी."

तर हे असं होतं.

"हा बघ," आनेमीने काचेच्या कपाटातून एक काळा, जाडजूड हेडफोन काढला. "वाट्या वळतात, एक कान उघडा ठेवून वाजवता येतं. कानाच्या गाद्या बदलून मिळतात. आणि कानाला बसला, की बसला. लाव."

वानेसने लावला. जग मिटल्यासारखं झालं. आनेमीचे ओठ हलत होते. तिने बोटांची पेरं काचेच्या काउंटरवर आपटली. वानेसला हात दिसला, आवाज आला नाही. तिने पुन्हा आपटली, जोरात, कपातली कॉफी हिंदकळली. काहीही नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा वानेसने पोटभर श्वास घेतला.

आनेमी बिल करायला पाठमोरी वळली. त्याच वेळी कानात कुठेतरी खोल आवाज झाला... ठक, ठक. वानेसने पाहिलं. बाई दोन्ही हातांनी यंत्रावर आकडे दाबत होती. आपलंच काळीज, त्याने मनाशी म्हटलं. बंद वाट्यांत स्वतःचं रक्तसुद्धा ऐकू येतं म्हणतात. त्याने हेडफोन जरा घाईनेच उतरवला.

"चेहरा का पडला रे? घट्ट होतोय?"

"नाही. हाच द्या."

रविवारी तीनच्या सुमाराला मार्टीन आली. हातात गोड पावांचा पुठ्ठ्याचा डबा, रविवारी कुणाकडे रिकाम्या हाताने जात नाहीत म्हणून. डोळ्यांखाली काळी वर्तुळं. तिने डबा टेबलावर ठेवला, कोट काढलाच नाही.

"हाच का तो?"

"हाच," वानेस म्हणाला. जाळीचा हेडफोन त्याने कपाटात स्वेटरांच्या खाली कोंबला होता.

"त्या रात्री बसला होतास तसाच बस. तेच गाणं लाव. मी ठोकून येते. आणि वानेस... खरं सांग हं. मला बरं वाटावं म्हणून काही बोलू नकोस."

"खरंच सांगेन."

ती जिना उतरून गेली. खालचं दार लागलं. वानेस खुर्चीत बसला, रेकॉर्डवर सुई ठेवली, हेडफोन कानांवर चढवला आणि जग पुन्हा मिटलं. गाणं सुरू झालं. बाहेर अजून उजेड होता, पण धुक्यामुळे खिडकी मळक्या दुधासारखी दिसत होती. खोलीत लीकच्या सुपाचा वास येत होता. वानेसने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. गॅसवर काहीही नव्हतं.

ठक... ठक...

तो दचकला. ऐकू यायला नको होतं. काल आनेमीने काच फुटेल इतकं आपटलं, तेव्हा आलं नव्हतं. असू दे. मार्टीन काय भिंतीच्या आत शिरून बघणार आहे? नाही आलं ऐकू, म्हणायचं. संपलं.

ठक... ठक...

डीजेला एक सवय असते. एका कानात पुढचं गाणं, दुसरा कान खोलीला मोकळा. काही खटकलं, की हात आपोआप एक वाटी सरकवतो. वानेसनेही डावी वाटी कानामागे सरकवली. उघड्या कानाने खोली ऐकली. घड्याळ चाललं होतं. नळ ठिबकत होता. भिंत गप्प होती.

आणि झाकलेल्या उजव्या कानात, अगदी वाटीलाच कुणी टेकवावं तसं... ठक... ठक...

त्याने सुई उचलली. गाणं थांबलं, ठोकणं थांबलं नाही. दोन ठोक्यांमधलं अंतर वाढत चाललं होतं. हात दमला की वाढतं तसं. मध्येच एकदा नुसतं घासल्याचा आवाज आला, काठी भिंतीपर्यंत पोहोचलीच नाही असा. त्या रात्रीही असंच झालं होतं. आवाज वाढवल्यावरही दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत ते येत राहिलं होतं, असंच हळूहळू मंदावत. हे वानेसने पोलिसाला सोडाच, स्वतःलासुद्धा आजवर सांगितलं नव्हतं.

"बास!" तो ओरडला. "बास करा, मार्टीन!"

त्याने हेडफोन ओढून काढला, खुर्चीवर टाकला आणि अनवाणी जिना उतरून रस्त्यावर धावला.

"थांबवा! ऐकू आलं! आत्ता आलं आणि त्या रात्रीही आलं होतं! सगळं ऐकलं मी! पाया पडतो, ठोकू नका आता!"

मार्टीन ओडिलोनच्या दारासमोर उभी होती. बाहेरच. किल्ली हातात, कुलूप तसंच. धुक्याने तिचे केस ओले झाले होते.

"वानेस," ती हळूच म्हणाली, "मी अजून आत गेलेच नाहीये. दार उघडायला हात होईना..." मग तिचा आवाज बदलला. "त्या रात्री काय झालं, म्हणालास?"

आता मागे फिरायला वाट नव्हती. वानेस फुटपाथच्या गार फरशीवर उभा राहून सांगत गेला. जाळीचा हेडफोन, म्हाताऱ्याला भास होतात असं वाटणं, वाढवलेला आवाज, पोलिसाला मारलेली थाप. समोरच्या घराचा पडदा हलला.

"मी त्यांना माझ्याकडे बोलावत होते," शेवटी ती म्हणाली. "गेल्या हिवाळ्यापासून मागे लागले होते. तर म्हणायचे, मला कशाला हवंय कोर्त्राइक? भिंतीपलीकडे तो पोरगा आहे. मी दोनदा ठोकलं, की ऐकतो तो माझं."

वानेस रडायला लागला. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्याच्या बाजूने जाऊन ती जिना चढली, आणि तो तिच्या मागे गेला.

खुर्चीवरचा हेडफोन तिने उचलला. वायरीला दुकानाची चिठ्ठी लोंबत होती. वानेस ती काढायची विसरला होता. मार्टीनने चिठ्ठी वाचली. मग वाट्या उलट्या करून पाहिल्या. उजव्या वाटीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, एक काळा गोल डाग होता. नाण्याएवढा.

"हे काय?"

"नव्हतं... काल नव्हतं ते. आत्तासुद्धा नव्हतं."

तिने डागावर अंगठा घासला. अंगठा काळा झाला.

"काठी मी त्यांच्या शवपेटीत ठेवली होती," ती म्हणाली. "माझ्या हातांनी. त्यांच्या उजव्या बाजूला."

खोलीतला सुपाचा वास आता दाट झाला होता. मार्टीनला तो येत होता की नाही, कळलं नाही.

"किती वेळ ठोकत होते रे?"

"रेकॉर्डची एक बाजू संपली..." "मी उलटली. दुसरी लावली. तरी..."

"तरी?"

"तरी चालूच होतं. मग मी झोपायला गेलो, मार्टीन. मला माहीत नाही कधी थांबलं. मी शेवटपर्यंत ऐकलंच नाही."

तिने मान डोलावली, दुकानदाराने वस्तूची किंमत सांगावी आणि आपण घ्यायचं ठरवावं तशी. मग त्याच्या खांद्याला धरून तिने त्याला खुर्चीत बसवलं. तो बसला. तिने दोन्ही हातांनी हेडफोन त्याच्या कानांवर चढवला, लहान मुलाला कानटोपी घालावी इतक्या सांभाळून, आणि दोन्ही वाट्या तळव्यांनी घट्ट दाबल्या. तिचे ओठ हलले. वानेसला शब्द ऐकू आले नाहीत, पण ते तोंडावरून वाचता आले.

आता शेवटपर्यंत ऐक.

ती गेली. गोड पावांचा डबा तसाच टेबलावर राहिला. खाली दार आपटलं असेल, रस्त्यावर तिची गाडी सुरू झाली असेल, त्यातलं काहीही आत आलं नाही. फार चांगला हेडफोन होता तो, आनेमी खोटं बोलली नव्हती. वानेसचे हात मांडीवर होते. ते उचलून एक वाटी सरकवायला त्याला कुणी मना केलं नव्हतं.

ठक... ठक...

काही वेळाने खिडकीत अंधार झाला. रेकॉर्ड सुईविना फिरत होती. दोन ठोक्यांमधलं अंतर आता खूप वाढलं होतं, आणि वानेस श्वास रोखून पुढच्या ठोक्याची वाट बघत होता.