शंभर किलोमीटरनंतर

"मॅडम, इथं चाकांचं काम कोण करतं?"

"मॅडम बँकेत असतात," लेथवर वाकलेली संघमित्रा मान वर न करताच म्हणाली. "इथं मी आहे. काय झालं?"

"साठच्या पुढे गेलं की स्टिअरिंग थरथरतं."

मग तिनं मान वर केली. दारात एक उंच, सावळा तरुण उभा होता, लग्नाला निघाल्यासारखा कडक इस्त्रीचा शर्ट घालून. त्याच्यामागे मोतिया रंगाची जुनी फियाट होती आणि तिला चकचकीत, नवी कोरी अलॉय चाकं. नऊवारीतल्या आजीनं नातवाचे बूट घालावेत तशी ती दिसत होती. संघमित्राला हसू फुटलं, ते तिनं चिंधीला हात पुसता पुसता कसंबसं गिळलं.

"काय बिघडनं भो?" दाराशी खुर्ची टाकून बसलेल्या बन्सीनानांनी विचारलं.

धुळ्याच्या त्या गल्लीत नानांचा लेथ चाळीस वर्षं फिरत होता. चार वर्षांपूर्वी नानांचे हात थरथरायला लागले आणि आयटीआय झालेल्या लेकीनं तो हाती घेतला. सुरुवातीला गिऱ्हाईक बोलायचं नानांशी, आणि काम करणाऱ्या तिच्याकडे बघायचंही नाही. आता मात्र सगळ्या बाजारात एकच म्हटलं जायचं, की बन्सीनानांच्या लेकीचं काम परत येत नाही. ह्या एका वाक्याचा तिला कोण अभिमान होता!

तरुणाचं नाव प्रशील. राहणार जळगावच्या मेहरूणचा, नोकरी मोजणी खात्यात. मावसभावाच्या लग्नाला साक्रीला निघाला होता. फियाटच्या मूळ चाकांचे टायर आता सहजी मिळत नाहीत, म्हणून त्यानं भावानं नव्या गाडीवरून काढून ठेवलेली चाकं उचलली. ती बसेनात, म्हणून चाकामागे घालायचे स्पेसर ऑनलाइन मागवले.

संघमित्रानं जॅक लावला, चाक उतरवलं आणि आतली पातळ चकती तळहातावर घेतली. "ह्याची भोकं लांबट का?"

"कुठल्याही गाडीला बसतात असं लिहिलं होतं."

"म्हणजे नीट कुठल्याच गाडीला बसत नाहीत. तुमच्या गाडीच्या बोल्टांचं वर्तुळ अठ्ठ्याण्णव मिलिमीटरचं, ह्या चाकांचं शंभरचं. बोल्ट तिरके ओढून बसवलेत कुणीतरी."

"दोनच मिलिमीटर तर..."

"तुम्ही मोजणी खात्यात ना?"

"हो."

"तुमचं काम गुंठ्यांत चालत असेल. आमचं नाही."

प्रशील मोकळेपणानं हसला. टोमणा बसला तरी हसणारी माणसं संघमित्रानं फार पाहिली नव्हती.

"स्पेसर नुसता चाक बाहेर सरकवतो," ती समजावू लागली. "तुम्हाला अ‍ॅडॅप्टर हवा. जाड चकती — एका बाजूनं ती हबला, म्हणजे आसाच्या टोकाला, आवळायची, दुसऱ्या बाजूनं तिच्यावर चाक. मधलं भोक हबवर बांगडीसारखं बसलं पाहिजे. पंचवीस मिलिमीटर जाडी पुरे."

"चाळीस केली तर? चाकं जरा बाहेर येतील... रुबाबदार दिसेल."

"बेअरिंग खाईल आणि टायर पत्र्याला घासेल. गाडी चालवायचीय की मिरवायचीय?"

"तुम्ही म्हणाल ते," तो म्हणाला. इतकं हळू, की हबचं घेतलेलं माप ती साफ विसरली आणि तिला ते दुसऱ्यांदा घ्यावं लागलं.

गाडी ठेवून तो एस्टीनं साक्रीला गेला. तीन दिवस संघमित्रानं त्या चार चकत्यांवर अशी मेहनत घेतली, की नानांनी दोनदा चष्मा पुसून पाहिलं. तो परत आला तेव्हा चाकं चढली होती. प्रत्येक नटावरून चाकापर्यंत तिनं पिवळ्या रंगाची एक बारीक रेघ ओढली होती.

"नट जरा जरी हलला तरी रेघ तुटते," ती म्हणाली. "शंभर किलोमीटर झाले की एकदा पुन्हा आवळून घ्यायचे. जळगावात कुणीही करून देईल."

"तुम्ही आवळलेले नट दुसऱ्यानं आवळायचे?"

"का... चालत नाही?"

"नाही," प्रशील म्हणाला आणि गाडीत बसला.

पुढच्या रविवारी फियाट दारात हजर. नानांसाठी भरताची हिरवी वांगी पिशवीभरून.

"आज काय बिघडनं?" नाना म्हणाले.

"शंभर झाले, नाना!"

चकतीचे आतले बोल्ट तपासायचे तर चाकं उतरवावी लागतात. त्यात तासभर जातो, दोनदा चहा होतो. बोल्ट सगळे होते तसेच होते. रेघा नव्यानं ओढून झाल्यावर संघमित्रा म्हणाली, "पाचशेवर एकदा बघावं लागेल." म्हणाली खरी, पण तिचे कान गरम झाले.

मग रोज सकाळी तिच्या मोबाइलवर एक फोटो येऊ लागला. फूल नाही, सुविचार नाही. नुसता फियाटच्या मीटरचा आकडा. ती आकडा वजा करायची, किती राहिले ते मोजायची आणि उत्तर पाठवायची, 'ठीक.' एकदा तिनं 'जपून चालवा' असं लिहिलं. बराच वेळ त्याकडे पाहिलं... मग पुसलं, आणि 'ठीक' पाठवलं. कधी तो पहूरकडच्या मोजणीला जायचा तेव्हा आकडा भराभर चढायचा आणि तिचा दिवस उगाचच चांगला जायचा.

पाचशे झाले. मग हजारही झाले. एप्रिलमधल्या एका दुपारी शेवटचा नट आवळून झाल्यावर तिच्याकडे सांगायला काही उरलं नव्हतं.

"आता काही बघायचं नाही. खुशाल चालवा."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

किल्ली बोटाभोवती फिरवत तो थोडा वेळ उभा राहिला. तीही चिंधीला हात पुसत राहिली, पुसण्यासारखं हाताला काही नसताना. कुणीतरी बोलायला हवं होतं. मग तो गाडीत बसला.

सकाळचे फोटो येत राहिले. पण आता त्या आकड्यांत वजा करण्यासारखं काही नव्हतं.

दोन आठवड्यांनी फियाट पुन्हा दारात आली. "मागून कसलासा आवाज येतोय," प्रशील म्हणाला. संघमित्रा आनंदानं खाली वाकली... आणि जागीच थिजली. डाव्या मागच्या चाकावरची एक पिवळी रेघ तुटलेली होती. नट अर्धा फेरा सैल होता.

दोन तास ती गाडीपासून हलली नाही. चारही चाकं उतरवली, चकत्या काढल्या, प्रत्येक माप तीन-तीनदा घेतलं. डोळ्यांसमोर एरंडोलचा रस्ता येत होता, समोरून येणारे ट्रक येत होते, आणि निखळलेलं चाक. मापं सगळी बरोबर होती. मग चुकलं कुठं?

"नाना," ती म्हणाली, "काम परत आलं."

नानांनी नुसता चष्मा काढून पुसला. तेच तिला जास्त लागलं.

"गाडी इथंच राहील," ती प्रशीलला म्हणाली. "चकत्या मी नव्या करून देते. आणखी तिघांना असेच अ‍ॅडॅप्टर केलेत, त्यांना आत्ता फोन करते. गाड्या बाहेर काढू नका म्हणून सांगते."

तिनं मोबाइल उचलला तसा प्रशील पुढे झाला.

"नका करू फोन. तो नट... मी सैल केला. पारोळ्याच्या ढाब्यावर."

लेथ बंद होता. समोरच्या दुकानातलं वेल्डिंगही नेमकं त्याच वेळी थांबलं.

"यायला काही कारण उरलं नव्हतं," तो पुटपुटला. "अर्धाच फेरा..."

"जमीन चुकीची मोजली तर पुन्हा मोजता येते," संघमित्रा म्हणाली. "चाक निघालं असतं तर मी कुणाला पुन्हा मोजणार होते? आणि माझं काम... मी दोन तास माझ्याच हातांवर संशय घेतला, प्रशील!"

पहिल्यांदाच तिनं त्याला नावानं हाक मारली होती, आणि तीही अशी. तिनं चाकं चढवली, नट आवळले, रेघा ओढल्या. एक रुपया घेतला नाही. "जा," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी फोटो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

मे महिना धुळ्याला भट्टीसारखा तापला. संघमित्रा काम करत होती, जेवत होती, गिऱ्हाइकांशी चोख बोलत होती. फक्त रोज सकाळी मोबाइल उघडून शेवटचा आकडा बघत होती. राग कधीच उतरला होता. आठवण काही उतरत नव्हती. रस्त्यावरून एखादी जुनी गाडी गेली की तिचा हात आपोआप लेथ बंद करायचा.

एका शनिवारी संध्याकाळी नाना म्हणाले, "चाळीस वरीस हाई काम करं मी. हजारवर नट तपासाले मी तं कोनलेच बलायं नही."

संघमित्राची मान खाली गेली.

"मना हात थरथरतस वं माय, डोया नही. त्यानी चुकी करी, खरं शे. पन तू बी त्याले दोनदाव फुकट बलायं."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एस्टीनं ती जळगावला निघाली. कापडी पिशवीत पाण्याची बाटली होती आणि नट मापात आवळायचा टॉर्क रेंच. कंडक्टरनं पिशवी उचलून पाहिली. "ताई, लोखंड भरलं का काय?" ती नुसती हसली.

बिलबुकात लिहिलेल्या पत्त्यावर, मेहरूणच्या तलावाजवळ, कडुनिंबाखाली फियाट उभी होती. टपावर पानांचा थर साचलेला, काचेवर धूळ. फाटकाच्या आवाजानं प्रशील बाहेर आला आणि पायरीवरच थबकला. दाढी वाढली होती, अंगावर घरातला जुना बनियन. तो लगबगीनं शर्ट आणायला आत पळाला आणि गुंडी वरखाली लावून परत आला.

"तुम्ही... इथं?"

"आकडा दाखवा," संघमित्रा म्हणाली.

त्यानं दार उघडलं. शेवटच्या फोटोपेक्षा आकडा धुळ्याला येऊन परत जायला जेवढे लागतात तेवढेच किलोमीटर पुढे सरकला होता. त्यापुढे एकही नाही.

"चालवली नाही?"

"धीरच झाला नाही. वाटलं, रेघ तुटली तर... तुम्ही पुन्हा ओढायला येणार नाही."

ती चाकाशी बसली. एकेका नटाला रेंच लावला. कट्... कट्... सोळाही नट घट्ट होते, सोळाही रेघा शाबूत. शेवटच्या नटावर मात्र तिचा हात थांबला.

"पाचशेला यायची गरज नव्हती," चाकाकडेच बघत ती म्हणाली. "हजाराला तर नव्हतीच. शंभरावर एकदा आवळले की झालं. बाकीचे... मी माझ्यासाठी सांगितले होते."

प्रशील तिच्याशेजारी मातीतच बसला.

"म्हणजे खोटं दोघंही बोललो."

"तुमचं जास्त वाईट होतं."

"फार वाईट होतं. पुन्हा कधीच नाही, संघमित्रा. तुझ्या कामाला पुन्हा हात लावणार नाही."

ह्या 'तुझ्या'वर तिनं मान वर केली. ग्रीस लागलेल्या बोटांनी त्याची चुकलेली गुंडी सोडवून नीट लावली. शर्टावर काळा डाग उमटला, आणि दोघांनाही त्याचं काही वाटलं नाही.

"मला तू हवा आहेस," ती म्हणाली. "नट सैल असो, नसो. काही बिघडलेलं नसताना येत जा."

दुपार कलल्यावर फियाट धुळ्याकडे निघाली. पारोळ्याच्या ढाब्यापाशी त्यानं ओशाळून मान फिरवली, तेव्हा तिनं गिअरवरच्या त्याच्या हातावर हात ठेवला. स्टिअरिंग जराही थरथरत नव्हतं.

नाना दाराशीच बसले होते. गाडी थांबली, दोघं उतरली. नानांनी गाडीकडे पाहिलं, मग लेकीकडे, मग शर्टावरच्या काळ्या डागाकडे.

"आज काय बिघडनं?"

"काहीच नाही, नाना," प्रशील म्हणाला.

नानांनी थरथरत्या हातानं शेजारची खुर्ची पुढे ओढली.

"मंग बैठ."