लिंबावर उतरलेलं पाखरू

"पाखरू उतरलं माझ्या दारीच्या लिंबावरी,
घरटं त्याचं बाई गोदेच्या काठावरी..."

अंबरपेठच्या घरी तांदूळ निवडताना आई गायची. लहानपणी ऐकलेला तो आवाज प्रज्ञेशला एकदम आठवला तो बेगमपेठ विमानतळाच्या हँगरमध्ये – एका अनोळखी मुलीशी वाद घालताना.

ती तेजश्री. कुकटपल्लीची, त्याच दिवशी कंपनीत रुजू झालेली पायलट. छोट्या पांढऱ्या विमानाच्या पंखावर तिनं हात ठेवला, आणि पायलटांची लायसनं बघणारा प्रज्ञेश धावतच आला.

"मॅडम, हे नाही उडवता येणार तुम्हाला."

"का हो? लायसन पक्कं आहे माझं. विमान हैदराबादेत, हवा हैदराबादची, मीपण हैदराबादची!"

"विमान इथं नुसतं उभं आहे. नोंद परदेशातली. त्या देशानं तुमचं लायसन मानायला हवं. आधी त्यांच्या नियमांची परीक्षा."

"परीक्षा? नक्को बाबा!"

तिला समजवावं म्हणून त्यानं आईची ओवीच म्हणून दाखवली – पाखरू इथं बसलं, तरी ते घरटं असेल तिथलंच. ती ऐकत राहिली... पंखावरचा हात न काढता.

मग परीक्षेच्या तयारीसाठी रोज संध्याकाळी तो तिला प्रश्न विचारू लागला. बाहेर भुरभुर पाऊस, दोघांच्या मध्ये मिरची भज्यांचा कागद. अवघड उत्तरं ती फाडफाड द्यायची. चुकायचं एकच – सगळ्यांत सोपं.

"लायसन कुणी मानायचं?"

"विमान जिथं उभं, त्या देशानं."

प्रज्ञेशला कोडंच पडे. आडव्या वाऱ्यात अलगद उतरणारी ही पोरगी इथंच कशी घसरते? आणि पास झाली, की विमान घेऊन ती दूर, त्याची नोंद असलेल्या देशी जाणार होती... तरी तो उत्तर सुधारायचा. "उद्या परत बघू," म्हणायचा.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी ती पुन्हा तिथंच चुकली.

"अहो, नापास व्हाल! उडायचं नाही का तुम्हाला?" तो चिडलाच.

"जिथं नोंद, त्या देशानं," ती हळूच म्हणाली. "पहिल्याच दिवशी कळलं होतं. तुमची ओवीपण पाठ आहे."

"मग रोज –?"

"बरोबर सांगितलं असतं, तर तुम्ही 'उद्या परत बघू' म्हणाला असता?"

भजं त्याच्या हातातच राहिलं.

"जाऊ ना मी?" तिनं विचारलं.

"जा. झकास पास हो. पण..." इतके दिवस गिळलेलं अखेर ओठांवर आलं, "आमच्या दारी तो लिंब अजून आहे, तेजश्री. परत आलीस, की नुसती उतरू नकोस... घरटं तिथंच बांध. माझ्यासोबत."